गठ्ठा क्रमांक शून्य

माझ्या वहीतले पायथनचे प्रोग्राम दीड महिना एकही चूक न होता चालले. त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता याला आहे. मी फोनवर व्हिडिओ बघायचे, प्रोग्राम निळ्या पेनानं वहीत उतरवायचे, खाली पट्टीनं रेघ मारायचे आणि रेघेखाली काळ्या पेनानं त्याचं उत्तरही मीच लिहायचे. पाच आणि तीनची बेरीज आठ. यात चुकायचं म्हटलं तरी कुठे चुकणार? शाळेत प्रयोगवही आम्ही अशीच भरायचो. प्रयोगशाळेचं कुलूप गंजलेलं होतं, पण वहीतल्या प्रत्येक परीक्षानळीत निळा रंग अगदी वेळेवर यायचा.

मी केम गावची. घरात आणि सगळ्या भावकीत मिळून पहिली पदवीधर. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. निकाल लागला तेव्हा ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार झाला. आमच्याकडे सत्काराचा संच ठरलेला असतो: टॉवेल, टोपी आणि नारळ. सत्कारमूर्ती मुलगी आहे म्हणून संच बदलावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरपंचांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी हातात घेऊन माझ्या वेणीकडे क्षणभर पाहिलं, आणि शेवटी ती शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांच्या डोक्यावर ठेवली. वडिलांच्या डोक्यावर आधीच एक टोपी होती. फोटो होईपर्यंत त्यांनी दोन्ही घालून ठेवल्या.

मी हसून सांगते आहे, पण त्या दिवसाचे उपकार मी विसरलेले नाही. त्या गावानं मला शिकू दिलं. अडचण एवढीच होती, की शिकून झाल्यावर पुढे काय करायचं हे गावालाही माहीत नव्हतं आणि मलाही. डाळिंबावर कुठलं औषध मारू, असं लोक येऊन विचारायचे. मी त्यांना पानाच्या आतल्या पेशींची इंग्रजी नावं सांगू शकले असते.

शेवटी मावशीच्या ओळखीनं मला सोलापुरात काम मिळालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, आणि तिथे चेकिंगचं टेबल. कापूस ही वनस्पतीच आहे, त्यामुळे शिक्षण वाया गेलं असं म्हणता येणार नाही. चेकिंगला टेबल असतं, खुर्ची नसते. सकाळी नऊपासून उभं राहायचं, टॉवेल उलगडायचा, उजेडात धरायचा, तुटलेला धागा, ओढला गेलेला लूप, तेलाचा डाग शोधायचा, घडी घालायची, पुढचा घ्यायचा. पलीकडच्या शेडमध्ये विणायचे लूम चालू असायचे, त्यामुळे बोलायचं तर ओरडायचं. संध्याकाळी नाकातून, कानातून आणि डब्याच्या झाकणातून कापसाचा तूस निघायचा.

ऑफिसात मात्र खुर्ची होती. चाकांची, काळी, हात टेकायला दोन्ही बाजूंना सोय असलेली. त्या खुर्चीत एक मॅडम बसायच्या आणि कॉम्प्युटरवर काम करायच्या. आमच्या घरात आजवर सगळे उभ्यानं किंवा वाकून काम करत आले होते, त्यामुळे मला त्या खुर्चीबद्दल जे वाटायचं ते आजही नीट सांगता येत नाही. देवळात काही लोक गाभाऱ्याकडे बघतात तसं मी ऑफिसच्या काचेकडे बघायचे.

पायथनचं वेड याच काळात लागलं. खरं तर मला 'कॉम्प्युटर' शिकायचा होता. फोनमध्ये तेवढंच टाकलं, आणि पहिला जो व्हिडिओ आला तो पायथनचा होता. फुकट होता. दुसरा बघायची गरजच वाटली नाही. व्हिडिओतले सर हिंदीत बोलायचे. दाढी, हेडफोन, मागे एक निळा दिवा. कमरेखालचे सर मी आजतागायत पाहिलेले नाहीत. पण न पाहिलेल्या, न भेटलेल्या मुलीला एवढं समजावून सांगणारा आणि वर फी न घेणारा माणूस माझ्या माहितीत दुसरा नव्हता, म्हणून व्हिडिओ सुरू करण्याआधी मी फोन एकदा कपाळाला लावायचे. सर बोलतील तो शब्द न् शब्द वहीत लिहायचे. "बेल आयकन दबाना मत भूलिए" हेसुद्धा लिहिलं होतं, चौकटीत. परीक्षेला काय येईल सांगता येत नाही.

व्हिडिओ बघायचे ते जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यामागच्या लिंबाच्या झाडाखाली. माझ्या टेबलावरची जोडीदारीण, जिला सगळे अक्का म्हणायचे, ती शेजारी डबा उघडायची. अक्काचं सगळं घर पिढ्यान् पिढ्या विणकाम करणारं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. सर मध्येच थांबून "समझ में आया?" असं विचारायचे आणि दोन सेकंद गप्प राहायचे. मी म्हणायचे, "हो सर."

"कोण गं हा?" अक्कानं पहिल्या आठवड्यात विचारलं. "रोज जेवायच्या टायमालाच येतो."

"सर आहेत. कॉम्प्युटर शिकवतात."

"लग्न झालंय का त्याचं?"

"मला काय माहीत, अक्का!"

"मग एवढं हो सर, हो सर काय लावलंस? मी माझ्या नवऱ्याला वीस वर्षांत एकदा तरी हो म्हटलं का?"

असा दीड महिना गेला. माझी एक दोनशेपानी वही भरली, नव्या पेठेतून दुसरी आणली. व्हेरिएबल, लिस्ट, इफ-एल्स, सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तर मी फॉर लूप धडाधडा म्हणून दाखवला असता, पावकीच्या पाढ्याच्या चालीत.

मग एके दिवशी ऑफिसातल्या मॅडमच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. महिनाअखेर त्या जाणार हे दुपारपर्यंत सगळ्या शेडला कळलं. त्याच दिवशी माल भरायचा होता आणि ट्रक दीड तास उभा होता, कारण गठ्ठ्यांवर लावायची स्टिकरं तयार नव्हती. मॅडम प्रत्येक स्टिकरवरचा नंबर हातानं बदलत. एक टाइप करायचा, खाली यायचं, दोन टाइप करायचा. साठ गठ्ठे असले तर एक सबंध दुपार त्यातच जायची. मालक दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

मी तपासलेल्या टॉवेलांची थप्पी द्यायला ऑफिसात गेले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक, हे लूपनं होतं."

मालकांनी माझ्या हातातल्या थप्पीकडे बघितलं. "लूप तर टॉवेलला असतात की."

"ते नाही. पायथनमध्ये."

"हे काय असतं?"

तेच काम पुन्हा पुन्हा करायला कॉम्प्युटरला एकदाच सांगायचं, तो लूप, असं मी समजावून सांगितलं. निदान सरांनी सांगितलेलं म्हणून दाखवलं. नाव असं का, असंही त्यांनी विचारलं. अजगर, असं मी सांगितलं. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "नागपंचमीला बंद ठेवावा लागेल का?"

मॅडम हसल्या. मालक नाही हसले. त्यांचा कारखाना होता, त्यांना खरंच माहिती हवी होती.

"हे बघ," ते म्हणाले, "बाई जाणार आहेत. मला ह्या खुर्चीवर कुणीतरी लागणारच. महिनाअखेरीच्या आत ही स्टिकरं तुझ्या अजगराकडनं काढून दाखव. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर पेपरात जाहिरात देतो."

मी हो म्हटलं. आयुष्यात एकदाही कॉम्प्युटरच्या कीबोर्डला हात न लावता म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मला ऑफिसचा कॉम्प्युटर मिळू लागला. पायथन त्यात घालताना मॅडम माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. "व्हायरस आला तर तू निस्तरायचंस," असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी वही उघडली आणि पहिला प्रोग्राम बघून बघून टाइप केला. एका बोटानं. वहीत तो दीड महिना बिनचूक चालत होता. इथे लाल अक्षरांत इंग्रजीतून एक लांबलचक मजकूर आला. सरकारी पत्र आल्यावर आमच्या घरी जसं सगळे गप्प होतात तशी मी गप्प झाले. मग शब्दाला शब्द लावून वाचलं. अर्थ एवढाच होता, की ओळ आत सरकवायची होती ती तू सरकवली नाहीस.

मला याचा फार राग आला. वहीत मी ती ओळ पट्टीनं मोजून, बरोबर दोन सेंटिमीटर आत लिहिली होती. कॉम्प्युटरवर दोन सेंटिमीटर कुठून सुरू होतात हे सरांनी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. "चार स्पेस" हे मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण स्पेस ही वस्तू वहीत दिसत नाही, त्यामुळे मी तिला फारसं मनावर घेतलं नव्हतं.

रोज अर्धा तास, असे तीन आठवडे. कंस राहिला, अवतरण चिन्ह राहिलं, मोठ्या लिपीतलं अक्षर छोटं पडलं. हळूहळू लाल मजकूर छोटा होत गेला आणि एका मंगळवारी आलाच नाही. काळ्या खिडकीत ओळीनं गठ्ठ्यांचे नंबर पडले. मी ते मोजले, बरोबर साठ. पुन्हा मोजले, साठच. तेवढे उचलून मॅडमच्या स्टिकरच्या कागदावर टाकले आणि छापले. खिडकीतून अक्काला कागद दाखवला. ती दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडली. लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण तेलुगू असावं.

गुरुवारी लातूरचा माल होता. साठ गठ्ठे. पॅकिंगच्या बायकांनी माझी स्टिकरं लावली. ट्रक लागला. माल चढवणारे हमाल एका मुकादमाच्या हाताखाली काम करायचे, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामा अक्कलकोटकडचे, साठीचे, आणि त्यांच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही गठ्ठा गाडीत चढत नसे. मालक दारात उभे होते. मी चेकिंगचं टेबल सोडून मुद्दाम बाहेर आले होते.

मामा पहिल्या गठ्ठ्यापाशी आले आणि थांबले.

"ए बाई, ह्ये काय? शून्य?"

"पहिला गठ्ठा आहे, मामा."

"पयला हाय तर एक लिव की."

"कॉम्प्युटरमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते."

"कुनाच्या?"

"सगळ्यांच्या. जगभर."

"जगभर असंल," मामा म्हणाले. "ह्यो माल लातूरला चाललाय."

हमाल हसले. मी चिकाटी सोडली नाही. शून्य ते एकोणसाठ म्हणजे साठच होतात, हवं तर मोजून बघा, असं मी सांगितलं. मामांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, याचा अर्थ आता ते सविस्तर बोलणार होते.

"तितला मानूस मोजत न्हाय. त्यो शेवटचा नंबर बघतो. एकुनसाट. कागदावर लिवलंय साट. त्यो म्हनंल, एक गठ्ठा वाटंत कुटं उतरवला? मग मी काय सांगू? जगभर शून्यापासनं मोजत्यात, असं सांगू? आन् शून्य नंबरचा गठ्ठा कोन उतरून घेतो गं? शून्य म्हनजी रिकामा."

वाईट याचं वाटलं, की सरांच्या बावीस व्हिडिओंत लातूरचा गोडाऊनवाला एकदाही आला नव्हता.

"बदल," मालक म्हणाले. "अर्धा तास आहे."

मी आत पळाले. रेंज म्हणजे इथपासून तिथपर्यंत मोज, अशी आज्ञा. मी नुसतं साठ लिहिलं होतं, म्हणून ते शून्यापासून सुरू झालं. आता एकपासून साठपर्यंत असं लिहिलं, छापलं, कागद घेऊन बाहेर धावले. पॅकिंगच्या बायकांनी कपाळाला आठ्या घालत सगळी जुनी स्टिकरं सोलली आणि नवी चिकटवली. एक, दोन, तीन. मामा खुश. गठ्ठे चढू लागले. शेवटच्या गठ्ठ्यापाशी आल्यावर माझ्या हातातला कागद रिकामा झाला.

"ह्ये एक नागडंच ऱ्हायलं की," मामा म्हणाले.

मी कागद उलटा करून बघितला. मागेही काही नव्हतं. म्हणजे त्या मशीननं एकपासून साठपर्यंत मोज म्हटल्यावर एकोणसाठपर्यंत मोजलं होतं आणि तिथेच बसून राहिलं होतं.

"साठपर्यंत येत नाही का त्याला?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला. अक्का माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या हातात स्केचपेन सरकवलं. "हातानं लिही. कोण बघतंय?"

सगळेच बघत होते. मी लिहिलं. साठ. अक्षर चांगलं आहे माझं, शाळेत सुविचार मीच लिहायचे. ट्रक गेला.

मालक म्हणाले, "एकोणसाठ कॉम्प्युटरनं केले, एक स्केचपेननं. मग खुर्चीत कुणाला बसवू? स्केचपेनला?"

रडू येत होतं, पण डोळ्यात तूस गेल्याचं निमित्त आमच्याकडे नेहमी तयार असतं.

"परवा हैदराबादचा माल आहे," जाता जाता ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी गठ्ठे. तेव्हा शेवटचं बघतो. रविवारच्या पेपरला जाहिरात द्यायची तर शनिवारी दुपारपर्यंत द्यावी लागते."

त्या दिवशी मी पहिल्यांदा सरांवर चिडले. व्हिडिओच्या खाली लिहिलं, "सर, आपकी वजह से ट्रक रुक गया." कुणीतरी त्याखाली हसण्याचं चित्र टाकलं. सरांचं उत्तर आलं नाही. लाखभर पोरांच्या गुरूला ट्रकचं काय. मग व्हिडिओ पुन्हा बघितला, आणि माझी मान खाली गेली. सर स्पष्ट सांगत होते, की शेवटचा आकडा त्यात धरला जात नाही, त्याच्या अलीकडे थांबायचं. दोनदा सांगत होते. मी वही उघडली. तेच वाक्य माझ्याच अक्षरात, खाली लाल रेघ, शेजारी चांदणी. चांदणी म्हणजे महत्त्वाचं, नक्की येणार. पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ कळला पाहिजे असं मला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं. पदवी तेवढ्यावर मिळाली होती.

आता साठच्या जागी एकसष्ट लिहिलं की काम होणार, हे कळत होतं. पण मला त्याची भीती बसली होती. आज एकसष्ट, उद्या आणखी काही निघालं तर? हे शून्याचं भूत नेमकं बसतं कुठे, हे मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या दारात एक टेम्पो भरत होता. गावातल्याच दुकानांचा माल, स्टिकर वगैरे काही नाही. मी चपला काढून आत जात होते आणि मामा मोजत होते, रोज मोजतात तसं.

"लाभ... दोन... तीन... चार..."

मी पाच महिने हे ऐकत होते. आमच्या खळ्यावरही धान्य मापताना आजोबा असंच म्हणायचे. लहानपणापासून कानावर होतं, त्यामुळे कधी ऐकलंच नव्हतं. मी तिथेच थांबले.

"मामा, एक कुठे गेला?"

"कुटं जातोय? ह्यो काय, टेंपोत."

"पण तुम्ही एक म्हटलंच नाही."

"लाभ म्हनलो की." मामांनी गठ्ठ्यावर हात ठेवून ठेवला, मोजणी चुकू नये म्हणून. "पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत. लाभ म्हनायचं. बरकत ऱ्हाती. तू शेतकऱ्याची पोर ना? एवडं म्हाईत न्हाय व्हय?"

"माहीत आहे हो. पण मग एकूण किती ते कसं कळतं? पहिल्याला एक म्हटलंच नाही तर?"

मामांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "म्हनायचं येगळं आन् असायचं येगळं. त्याला लाभ म्हन, न्हाय तर तुजं ते शून्य म्हन. गठ्ठा तर चढला की गाडीत. आमी आमच्यात लाभ म्हनतो. पावतीवर लाभ लिवतो का? पावतीवर एक. तुज्या मशीनला सांग, आत काय म्हनायचं ते म्हन बाबा, भाईर येताना एक म्हन."

एवढं बोलून ते पुन्हा वळले. "पाच... सा... सात..."

मी जेवणाच्या सुट्टीची वाट बघितली नाही. मॅडमना म्हटलं, दोन मिनिटं उठता का? त्या उठल्या. मशीनला आत शून्यापासूनच मोजू दिलं, त्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ केली नाही. चौऱ्याऐंशी सांगितलं, ते शून्य ते त्र्याऐंशी मोजणार. फक्त छापायच्या ओळीत नंबरापुढे अधिक एक लिहिलं. आत काय म्हणायचं ते म्हण, बाहेर येताना एक म्हण. बटण दाबलं. पहिला एक, शेवटचा चौऱ्याऐंशी. मी सात टाकून बघितलं, एकपासून सातपर्यंत. तीनशे टाकून बघितलं. एक टाकून बघितलं. त्यानं एकच स्टिकर दिलं, त्यावर एक. मला त्या मशीनचा पहिल्यांदा आदर वाटला, आणि सरांचा राग गेला. सरांनी सगळं बरोबरच शिकवलं होतं. मामांनी फक्त ते कशाबद्दल आहे ते सांगितलं.

शनिवारी सकाळी हैदराबादची गाडी लागली. मामांनी आधी पहिल्या गठ्ठ्याचं स्टिकर वाचलं, मग मधले सगळे गठ्ठे सोडून सरळ शेवटच्या गठ्ठ्यापाशी गेले आणि तेही वाचलं. परत येऊन पहिल्यावर हात ठेवला. "लाभ," ते म्हणाले. स्टिकरवर एक होता. गाडी तासाभरात भरली आणि गेली, आणि या सबंध वेळात स्केचपेन अक्काच्या ओच्यात होतं.

मालक एवढंच म्हणाले, "सोमवारपासून आत बस."

रविवारी मी घरी फोन केला. वडिलांना पायथन सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, ऑफिसात खुर्ची मिळाली.

"चाकाची हाय का?"

"हो."

"मग जपून बस," ते म्हणाले. "घसरती."

आईनं फोन घेतला. ती म्हणाली, पाय दुखायचे थांबतील गं. चेकिंगला उभं राहून माझे पाय दुखतात हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी मी इस्त्री केलेला ड्रेस घातला. मॅडम जाताना खुर्चीवरची त्यांची गादी घेऊन गेल्या होत्या, पण खुर्ची होती. मी बसले. चाकं थोडी मागे गेली, मी टेबल धरलं. काचेतून पलीकडे चेकिंगचं टेबल दिसत होतं आणि तिथून अक्का तोंड भरून हसत होती. मालकांनी त्या दिवसाची यादी दिली: तीन पार्ट्यांचा माल, मिळून दीडशे गठ्ठे. मी आकडे घातले, बटण दाबलं, कागद छापले, पार्टीप्रमाणे पिना मारल्या. मग आलेली पत्रं बघितली, दोन उत्तरं टाइप केली. एका बोटाची मी एव्हाना चार बोटांवर आले होते. घड्याळात साडेदहा वाजले होते.

मालक आत आले. "स्टिकरं कधी होतील?"

"झाली, मालक."

"सगळी?"

"सगळी. दोन मिनिटांत होतात," मी म्हटलं. खूप अभिमानानं म्हटलं. "आधी अख्खी दुपार जायची."

मालकांनी कागद चाळले. पहिला बघितला, शेवटचा बघितला. खुश झाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि काचेतून बाहेर, जिथे चेकिंगला एक माणूस कमी होता आणि न बघितलेल्या टॉवेलांची थप्पी अक्काच्या खांद्याएवढी झाली होती, तिथे बघितलं. मला त्यांच्या डोक्यातला हिशोब दिसत होता. तो बरोबर होता, हेच वाईट होतं. ज्या कामासाठी खुर्ची होती ते काम मी दोन मिनिटांवर आणून ठेवलं होतं.

"असं कर," ते म्हणाले. "सकाळी इथे बसत जा. जेवण झालं की चेकिंगला."

म्हणजे मला खुर्ची मिळाली, अर्धी. आमच्या सगळ्या खानदानात तेवढी कुणाला मिळालेली नाही, त्यामुळे तक्रार करणार नाही. सकाळी मी बसते. स्टिकरं झाली की सरांचा पुढचा व्हिडिओ लावते, आता खऱ्या कीबोर्डवर. सध्या फंक्शन चालू आहे. वहीत लिहिते, पण उत्तर मशीनला लिहू देते.

त्या पहिल्या सोमवारी जेवणानंतर मी इस्त्रीच्या ड्रेसवर ओढणी बांधून चेकिंगच्या टेबलापाशी गेले. अक्कानं सरकून जागा दिली आणि एक टॉवेल माझ्याकडे फेकला.

"एवढं शिकलीस," ती लूमच्या आवाजाच्या वर ओरडली, "आणि दोन मिनिटांत होतं हे मालकाला सांगायला गेलीस?"